पाणी सोडून धावणारी होडी

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात आमचे घर आहे. तेथून जवळच कुक्करहळ्ळीचे तळे आहे. एकोणिसाव्या शतकात मुम्मडि कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत ते बांधले गेले. पहाटे तेथे फिरावयास गेले की झोळीवाले पक्षी, म्हणजे ज्यांना आपण पेलिकन म्हणतो ते, पाण्यावरून उठताना दिसतात. हा पक्षी जड अंगाचा. एकदम उडणे त्याला जमत नाही. पंख झोडपीत, दोन्ही पायांनी पाणी मागे लोटीत तो बराच अंतर अक्षरशः धावतो. त्या धावण्यात केवढी ओढाताण, केवढे शिंतोडे! आणि मग एका क्षणी पाय पाण्यातून सुटतात. त्यानंतर तो पाण्यापासून वीतभर उंचीवरून असा काही तरंगत जातो, की मघाची धडपड याचीच होती असे सांगूनही खरे वाटू नये.

आज मी ज्या होडीविषयी बोलणार आहे तिची कथा बरीचशी अशीच आहे. आमच्या शेजारचा एक विद्यार्थी कृष्णराजसागराच्या पाण्यावर शिडाची डिंगी चालवावयास शिकतो. डिंगी म्हणजे एक-दोन माणसांनी चालवावयाची लहान होडी. एके संध्याकाळी तो वाद घालण्याच्या तयारीनेच आला. म्हणाला, "काका, बारा नॉटच्या वाऱ्यात एक होडी वीस नॉटने धावताना मी चित्रफितीत पाहिली. होडीला ढकलणार वाराच ना? मग वाऱ्याजवळ नसलेला वेग तिने आणला कोठून?"

प्रश्न रास्त होता. ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हा एक नॉट. तेव्हा वीस नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग काहीच नव्हे. परंतु साडेतीन मीटरांहूनही आखूड अशा होडीला पाण्यावर तो फार मोठा आहे. का, ते आधी पाहू.

पाण्यात बसलेली होडी पुढे सरकते तेव्हा तिच्या नाळेशी एक लाट उठते आणि मागच्या अंगाला दुसरी. वेग वाढतो तसतशी ही लाट लांबत जाते. शेवटी लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडी आपणच खणलेल्या खळग्यात अडकते. यापुढे वेग वाढवावयाचा तर स्वतःच्या लाटेचा चढ चढावा लागतो. अकरा फूट लांबीच्या होडीला ही मर्यादा साडेचार नॉटच्या आसपास येते. हलक्या, सपाट तळाच्या डिंग्या चांगल्या वाऱ्यात हा चढ चढून पाण्याच्या पाठीवर घसरू लागतात आणि दहा नॉटच्या पुढेही जातात. तरी तळ पाण्याला घासतच असतो, आणि पाणी हवेच्या आठशे पटींहून अधिक घन आहे. सोडवणूक एकच: होडीने पाण्यातून वर यावे.

ही कल्पना नवी नाही. इटलीच्या एनरिको फोर्लानिनीने १९०६ साली माज्योरे सरोवरावर अशी यंत्रहोडी चालविली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या एच. डी. ४ या नौकेने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटरांचा वेग गाठला. या नौकांच्या पोटाखाली पाण्यात बुडालेले पंख होते. इंग्रजीत त्यांना हायड्रोफॉइल म्हणतात. आपण जलपंख म्हणू. विमानाचा पंख हवेत जे करतो तेच हा पाण्यात करतो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, आणि पाणी इतके घन असल्यामुळे मीटरभर लांबीची आणि जेमतेम तळहाताएवढ्या रुंदीची पट्टी होडीसकट माणसाला उचलून धरते.

परंतु यंत्राची गोष्ट वेगळी आणि शिडाची वेगळी. लहान होडीत हे साधले ते मॉथ नावाच्या डिंगीने. मॉथ म्हणजे पतंग. आपल्या भाषेत दिव्यावर झेपावणारा किडाही पतंग आणि दोरीवर उडणारा कागदही पतंग. या होडीला दोन्ही अर्थ शोभतात. १९२८ साली ऑस्ट्रेलियात हिचा जन्म झाला. तिचे नियम मोजके आहेत: लांबी, रुंदी आणि शिडाचे क्षेत्र यांना मर्यादा घातलेली, बाकीच्या बाबतींत कारागिराला बरीच मोकळीक. त्या मोकळिकीचा फायदा ऑस्ट्रेलियातल्याच प्रयोगशील मंडळींनी घेतला. पर्थच्या इलेट बंधूंनी उलट्या टी अक्षराच्या आकाराचे दोन जलपंख बसविले, एक मधल्या पात्याच्या टोकाला आणि दुसरा सुकाणूच्या टोकाला. २००५ साली रोहन व्हील याने अशा होडीवर जागतिक अजिंक्यपद जिंकले, आणि पाण्याला चिकटून धावणारी मॉथ अव्वल शर्यतींतून जवळजवळ नाहीशी झाली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. हवा शांत असली तरी सायकल जोरात चालविली म्हणजे तोंडावर वारा लागतो. त्याच वेळी बाजूने खरा वारा वाहत असला तर दोन्ही मिळून एक तिसराच वारा आपल्याला जाणवतो, खऱ्याहून जोराचा आणि अधिक समोरून येणारा. शिडाला ठाऊक असतो तो हा तिसरा वारा. शीड म्हणजे वाऱ्याने फुगवून ढकललेली पिशवी ही समजूत येथे सोडावी लागते. वाऱ्याला आडवी धावणारी होडी शिडाचा पंखासारखा उपयोग करते. होडी वेगाने गेली की जाणवणारा वारा वाढतो आणि वारा वाढला की होडी आणखी वेग घेते. हा व्यवहार फुकटचा नाही. जाणवणारा वारा हळूहळू समोर सरकत जातो आणि एका मर्यादेनंतर शिडाची ओढ व पाण्याचा अडथळा यांची बरोबरी होते. तळ पाण्यातून सुटलेल्या होडीत ही बरोबरी फार उशिरा होते, एवढाच काय तो चमत्कार. म्हणूनच अशी होडी वाऱ्याकडे पाठ करून सरळ कधी जात नाही. वाऱ्याच्या दिशेनेच जावयाचे असले तरी ती तिरकी, वळणे घेत जाते. अनुकूल वाऱ्यात मॉथने तीस नॉट ओलांडल्याच्या नोंदी आहेत.

मुलाचे समाधान झाले, आणि त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला: "मग सर्वांत वेगवान होडी तीच शर्यत जिंकणार ना?" माझ्या मते खरी गोम येथेच आहे.

हिशेब करून पाहा. वीस नॉटने जाणारी होडी सेकंदाला सुमारे दहा मीटर कापते. अशा वेळी नाविकाचा तोल गेला, होडी पाण्यावर आपटली आणि पुन्हा उठून पूर्ववेगाला येण्यास अर्धा मिनिट लागला, तर सुमारे तीनशे मीटरांचे नुकसान झाले. प्रतिस्पर्ध्याहून आपली होडी दोन नॉटने वेगवान असली, तर सेकंदाला एक मीटर परत मिळतो. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या चुकीचे कर्ज फेडावयास पाच मिनिटे हवीत, आणि दोन नॉटची आघाडी हीच मुळात दुर्मिळ. त्यात अजिंक्यपदाच्या स्पर्धेत अनेक शर्यती होतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन असे मोजतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. एकदा विजेसारखा चमकून दुसऱ्यांदा बुडणाऱ्याला या गणितात थारा नाही.

पडण्याची कारणे बारीक असतात. नाळेपुढे एक सडसडीत काठी पाण्याला टेकलेली असते. होडी खाली बसू लागली की पाणी तिला मागे रेटते, आणि सळईने जोडलेली जलपंखाची मागची झडप खाली वळून उचल वाढते. होडी फार वर आली की काठी पुढे झुकते आणि उचल घटते. ही काठी न थकणारा तांडेलच म्हणावा. तरीही उंच लाटेवर जलपंख पाण्याच्या पृष्ठाला भिडला आणि हवा त्यावर शिरली, तर आधार क्षणात निघून जातो आणि नाळ पाण्यात घुसते. वळण हा तर कसोटीचाच प्रसंग. शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते, नाविक वाकून पलीकडे धावतो, आणि हे सर्व होत असताना होडी हवेतच राहावयास हवी. जिंकणारे आणि हरणारे बहुधा या वळणांवर वेगळे होतात.

आणखी एक बाब सांगावयास हवी, कारण या होड्यांचे कौतुक करणारे ती सहसा सांगत नाहीत. वारा पाच-सहा नॉटचा असला तर जलपंख उचलत नाहीत. मग तेच पंख पाण्यात ओझे होतात आणि ही अरुंद होडी रखडते. निरनिराळ्या प्रकारच्या होड्यांच्या एकत्र शर्यतींसाठी ब्रिटनमध्ये प्रत्येक होडीला एक अंक देतात. साध्या लेझर होडीचा अंक अकराशेच्या आसपास आहे आणि मॉथचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. अंक जितका लहान तितकी होडी वेगवान धरली जाते. परंतु मंद वाऱ्यात या अंकाने मॉथवर अन्याय होतो आणि भर वाऱ्यात इतरांवर. माझे मत असे, की उडणाऱ्या होड्यांची शर्यत उडणाऱ्या होड्यांशीच असावी.

आपल्याकडे काय? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या दहा स्पर्धांपैकी पाच जलपंखांच्या साधनांवर झाल्या: वारा-फळीच्या दोन, पतंग-फळीच्या दोन आणि दुहेरी सांगाड्याच्या नाक्रा होडीची एक. त्याच ऑलिंपिकमध्ये विष्णु सरवणन आणि नेत्रा कुमानन हे आपले दोघेही नाविक लेझरच्या कुळातल्या, पाणी न सोडणाऱ्या होड्यांवर होते. यात त्यांना उणेपणा नाही. त्या होडीवरील शर्यत कदाचित अधिक निखळ असते, कारण तेथे सर्वांची होडी सारखी असते. परंतु निम्मी स्पर्धा आपल्या मुलांच्या हाताबाहेर राहते ही गोष्ट उरतेच.

अडचण केवळ पैशाची नाही, जरी कार्बनच्या धाग्यांनी घडविलेली ही होडी महाग आहे. अडचण पाण्याचीही आहे. जलपंख होडीखाली सुमारे मीटरभर खोल असतो, त्यामुळे नाविकाला होडी आडवी करून छातीभर पाण्यात न्यावी लागते. कृष्णराजसागराच्या काठाला पाणी उथळ आहे आणि मासेमारीची जाळीही पसरलेली असतात. मुंबईच्या बंदरात खोली मिळते, पण तेथे तरंगणारा कचरा आहे. प्लॅस्टिकची एक पिशवी जलपंखाला गुंडाळली की वीस नॉटची होडी तत्क्षणी खाली बसते. जगज्जेत्याच्या हाती सुकाणू दिले तरी येथे त्याचा इलाज चालत नाही.

हे सर्व ऐकूनही आमच्या शेजाऱ्याचा उत्साह ओसरलेला नाही. साध्या लेझरला जोडता येणारे जलपंख मिळतात हे त्याने शोधून काढले आहे. सध्या तो रविवारी कृष्णराजसागरावर एका दोरीला खूण करून शिसाचा गोळा बांधतो आणि काठापासून किती अंतरावर दीड मीटर पाणी मिळते ते मोजून वहीत लिहितो. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा सुरू होण्यापूर्वी त्याला धरणाच्या त्या बाजूचा नकाशा पुरा करावयाचा आहे.