गोधडीची घडण

गृहशोभेचा विषय निघाला कीं गालिचे, पडदे, फुलदाण्या यांचीं नांवें पुढें येतात. गोधडीचें नांव कोणी घेत नाहीं. उलट पाहुणा आला असतां ती आंत सारली जाते. आमच्या मतें हा तिच्यावर अन्याय आहे.

तिची रचनाच पाहावी. ९ वारांचें सुती लुगडें चौपदरी दुमडलें म्हणजे सुमारें सव्वादोन वार लांबीचे चार थर होतात. एका माणसास तेवढें पुरतें. विरलेलें कापड मधल्या थरांत जातें, धड असेल तें वर व खालीं येतें. सारवलेल्या जमिनीवर हे थर सुरकुती न ठेवतां पसरून कच्च्या टांक्यांनीं एकत्र धरतात. मग धावदोरा कडेपासून आरंभून चारी बाजूंनीं फिरत फिरत मध्याकडे येतो, आणि चौकटींत चौकट अशी नक्षी त्यांतूनच उठते. ती केवळ शोभेची नव्हे. टांके जवळ जवळ असल्यामुळें आंतील कापड फाटलें तरी त्याचा गोळा होत नाहीं, व थरांमध्यें अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. वरचे त्रिकोणी, चौकोनी तुकडेही पुष्कळदां विरलेल्या जागा झांकण्यासाठींच लाविलेले असतात. मात्र खणाचा तांबडा तुकडा इरकलीच्या काळ्या रंगाशेजारीं कोठें बसवावा, हें शिवणारीचा डोळाच जाणतो.

गोधडी जुनी झाली म्हणजे तिलाच नवें आवरण घालून पुन्हा शिवतात. तेव्हां एकीच्या पोटांत आजीचें व पणजीचें अशीं दोन्ही लुगडीं सांपडलीं तर नवल नाहीं! नवरात्रापूर्वीं नदीवर गोधड्या धुण्याचें काम तर मोठेंच. ओली गोधडी पिळावयास दोघी लागतात.

हल्लींच्या मुलींस आळस चढला म्हणून ही कला मागें पडली, असें वडील मंडळी म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. खरी अडचण कापडाची आहे. वर्षानुवर्षें धुऊन मऊ झालेल्या सुती कापडांतून सुई सहज जाते, व तें घाम शोषून घेतें. कृत्रिम धाग्याची साडी निसरडी; तिचे थर एकमेकांवर ठरत नाहींत, आणि अंगाखालीं घेतली तर घाम तसाच राहतो. ज्या घरांत सुती लुगडीं नेसण्यांतच नाहींत, तेथें जुनें सुती कापड यावें कोठून?

तरीही पुष्कळ घरीं ट्रंकेच्या तळाशीं एखाददुसरें लुगडें किंवा धोतर अजून असतें. बोहारणीस देऊन भांडें घेण्यापूर्वीं तें घरांतील वृद्ध स्त्रियांस एकदां दाखवावें. त्यांची नजर अधू झाली असल्यास सुईंत दोरा ओवून देण्यास आमचे विद्यार्थी समर्थ आहेत.