तेव्हाचा दुसऱ्या फळीतला मल्ल आज केसरी झाला असता का?

ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी गर्दी होते ती कोरड्या तांदळाच्या पिंडींसाठी आणि कुस्त्यांच्या आखाड्यासाठी. हलगी कडाडायला लागली की काठावर जुन्या जाणत्यांचाही एक फड रंगतो. "आमच्या वेळचा चार नंबरचा पैलवान आज असता, तर गदा घेऊनच आला असता," हे वाक्य जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही यात्रेत ऐकू येतं. चाळिशीतली पिढी हाच वाद डब्ल्यूडब्ल्यूएफवरून (म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईवरून) घालते: मिस्टर परफेक्ट, ओवेन हार्ट, रेझर रॅमॉन कधी सर्वोच्च पट्ट्यापर्यंत पोचले नाहीत, पण आज असते तर नक्की पोचले असते. या बोलण्यात तथ्य आहे, पण त्याला गैरसमजांची बरीच माती लागली आहे.

गैरसमज १: दुसऱ्या फळीतला म्हणजे कमी दमाचा.

वस्तुस्थिती: यात्रेचा आखाडा नीट पाहा. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजारांच्या आणि शेवटी मानाची. जोड लावताना पंच मल्लाची अंगकाठी पाहतात, त्याचं नाव पाहतात, तो कोणत्या तालमीचा हेही पाहतात. त्यामुळे शेवटची कुस्ती बहुतेक वेळा धिप्पाड गड्यांची असते. हलक्या वजनाचा मल्ल कितीही चपळ असला, तरी त्याची कुस्ती मध्येच कुठेतरी लागते.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही हेच आहे. ५७ किलोपासूनच्या गटांत राज्यस्तरावर पदकं मिळतात, पण मानाच्या गदेसाठीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. तो कधी महाराष्ट्र केसरी झाला नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारतासाठी पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधवही ५७ किलोंच्या गटातलेच. नुसत्या अंगकाठीवर जोड लावायची तर खाशाबांचीही कुस्ती मधल्याच इनामावर लागली असती.

गैरसमज २: गदा मिळाली नाही, म्हणजे तो अव्वल नव्हता.

वस्तुस्थिती: महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ मध्ये आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. गणपतराव आंदळकर त्याआधीच, १९६० मध्ये, हिंद केसरी झाले होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णही जिंकलं. महाराष्ट्र केसरीच्या यादीत मात्र त्यांचं नाव नाही. ती यादीच प्रमाण मानली तर आंदळकरांनाही दुसऱ्या फळीत बसवावं लागेल.

काळही आडवा येतो. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने गदा उचलली, त्यानंतर करोनामुळे पुढची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली. ज्यांची उमेदीची वर्षं नेमकी त्यात गेली, त्यांच्या नावापुढे काही लागलं नाही. आणि नोव्हेंबर २०२३ चं उदाहरण तर शेजारचंच. राजगुरुनगरचा शिवराज राक्षे फुलगावच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखकडून अर्ध्या मिनिटाच्या आत चीतपट झाला. कुस्तीच्या संघटनेत दोन गट पडल्यामुळे त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली, आणि ती याच शिवराजने जिंकली. एका महिन्यात एकाच नावाच्या स्पर्धेत तोच मल्ल हरला आणि जिंकलाही. त्याला कोणत्या फळीत बसवायचं?

गैरसमज ३: आजचे मल्ल पॉइंटवाले, जुना गडी आला तर दोन मिनिटांत झोपवेल.

वस्तुस्थिती: जुन्या निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत लढायचं, नाहीतर पंच कुस्ती बरोबरीत सोडवायचे. १९१० मध्ये लंडनला गामा आणि झिबिस्को या मल्लांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालूनही निकाल लागला नव्हता. आज गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. पट काढून ताबा घेतला की २ गुण, समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकललं की १. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपते. नुसतं थोपवून धरणाऱ्याला पंच ताकीद देतात, आणि तरीही हालचाल नसेल तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो.

म्हणजे तासभर दमवून, समोरच्याचा श्वास तुटल्यावर घिस्सा मारणाऱ्या मल्लाचं मुख्य हत्यारच इथे बोथट होतं. उलट झपकन एकेरी पट काढणारा, ढाक किंवा कलाजंगवर उचलून फेकणारा मल्ल सहा मिनिटांत भाव खाऊन जाईल. तोही लगेच नाही. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला पहिल्यांदा गादीवर उतरले आणि सहावे आले. त्यांना पदक मिळालं ते चार वर्षांनी. खाशाबांना चार वर्षं लागली, तर बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी गादी मारली असती हे पटत नाही.

गैरसमज ४: डब्ल्यूडब्ल्यूईतही दम असेल तो वर येतोच.

वस्तुस्थिती: नव्वदच्या दशकात इथल्या शाळांमधून डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचे डाव रंगायचे. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड आणि रँक छापलेली असे. ती रँक पोरांना परीक्षेतल्या नंबरासारखी खरी वाटायची. पण तिथे कोण जिंकणार हे आधीच ठरतं. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करांतून सुटका व्हावी म्हणून खुद्द कंपनीनेच हा करमणुकीचा कार्यक्रम असल्याचं सांगितलं होतं. तिथली मधली फळी कंपनी ठरवते.

त्यामुळे तिथे प्रश्न असा येतो की मालकाला आज कोणता चेहरा विकायचा आहे. हल्क होगनच्या काळात धिप्पाड देह खपत होता. पुढे स्टेरॉइडचं प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच सुमारास ब्रेट हार्ट, शॉन मायकल्ससारखे तुलनेने सडपातळ मल्ल पुढे आणले गेले. साडेपाच फुटी रे मिस्टीरियो २००६ मध्ये जगज्जेता ठरला. जिंदर महलचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. वर्षानुवर्षं हरण्याचंच काम, २०१४ मध्ये नारळ, २०१६ मध्ये पुन्हा बोलावणं आणि मे २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून थेट मुख्य पट्टा. कंपनीचा भारतीय बाजारावर डोळा होता. नोव्हेंबरात पट्टा गेला, डिसेंबरात कंपनीचा दिल्लीत कार्यक्रम झाला. मधल्या फळीतला वर जाऊ शकतो हे महलने दाखवलं, आणि पट्टा दिला म्हणून प्रेक्षक चिकटतातच असं नाही, हेही.

गैरसमज ५: जुना खुराक अस्सल होता, म्हणून जुने मल्ल कधीही भारी.

वस्तुस्थिती: दूध, तूप, बदामाची थंडाई तेव्हाही सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. ज्याला राजाश्रय किंवा मोठ्या तालमीचा आधार, त्याचा खुराक टिकायचा. बाकीचे पेरणीच्या वेळी घरी परतायचे आणि गुडघा गेला की कायमचे औताला लागायचे. आज विजेत्याला गाडी मिळते. जानेवारी २०२३ मध्ये शिवराज राक्षेला थार मिळाली होती. राहुल आवारेला पोलिस उपअधीक्षकपद मिळालं. खाशाबांना मात्र ऑलिंपिक पदकानंतर तीन वर्षांनी फौजदाराची नोकरी लागली होती. जुना दुसऱ्या फळीतला मल्ल आज जन्मला असता, तर त्याचा सर्वांत मोठा फायदा हा: दुखापतीनंतर परत उभं राहायला वेळ मिळाला असता.

मग उत्तर काय?

काही जण नक्की वर गेले असते: हलक्या वजनाचे, चपळ आणि पट काढण्यात तरबेज. यात्रेच्या आखाड्यात त्यांच्या वाट्याला मानाची कुस्ती येत नव्हती, जागतिक स्पर्धेत त्यांच्या वजनाचा गट आहे. काही जण आहे तिथेच राहिले असते. आणि तेव्हाचे काही अव्वलही आजच्या सहा मिनिटांत मागे पडले असते. हे मात्र काठावरचा फड सोयीने विसरतो. डब्ल्यूडब्ल्यूईपुरतं बोलायचं तर तिथे उत्तर मल्लाच्या हातात कधी नव्हतंच. आखाड्यातल्या मल्लाबद्दल मात्र विचारता येतं: माती की गादी, किती किलो, किती मिनिटं? एवढं ठरल्याशिवाय जुन्या-नव्याची जोड लावू नये, कारण जोड चुकली तर दोन्ही मल्लांवर अन्याय होतो.