लिंबाच्या रसातील 'क' जीवनसत्त्व आणि बाटलीतील हवा

कागदी लिंबाचा रस बाटलीत महिनोन्महिने आंबट राहतो, म्हणून त्याचे गुणही तसेच टिकून असतील असा समज सर्वत्र आढळतो. जीभ येथे फसते. रसाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा असून हवेतील प्राणवायूने त्याचे फारसे काही बिघडत नाही. 'क' जीवनसत्त्व, म्हणजेच ॲस्कॉर्बिक आम्ल, मात्र हवेच्या संपर्कात ऑक्सिडीकरण होऊन झपाट्याने घटते. पहिल्या पायरीस तयार होणाऱ्या पदार्थात जीवनसत्त्वाचा गुण शिल्लक असतो. परंतु त्याचे आणखी विघटन झाले, की गेलेला गुण परत येत नाही.

स्कर्व्ही टाळण्यासाठी ब्रिटिश जहाजांवर लाइम जातीच्या लिंबाचा रस दिला जात असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत गिनीपिगांवर प्रयोग झाले, तेव्हा असा साठविलेला रस त्या रोगावर जवळजवळ निरुपयोगी ठरला. आंबट तर तो होताच!

हवा किती नुकसान करते, याचा हिशेब करता येतो. १ मिलिग्रॅम प्राणवायू सुमारे ११ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल नष्ट करू शकतो. म्हणजे १ मिलिलिटर हवा सुमारे ३.३ मिलिग्रॅम. लिंबाच्या १०० मिलिलिटर रसात हे आम्ल सुमारे ३० मिलिग्रॅम असते. ७०० मिलिलिटर रसावर ६० ते ६५ मिलिलिटर हवा कोंडली गेली, तर कालांतराने सगळे जीवनसत्त्व संपविण्यास तेवढी पुरेशी आहे. यास्तव बाटली गळ्यापर्यंत भरावी व वर सुमारे दोन सेंटिमीटरच जागा ठेवावी.

रसात विरघळलेली हवाही तितकीच घातक. रस उंचावरून ओतू नये, विनाकारण घुसळू नये. तांब्याचे भांडे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे, कल्हई उडालेले पितळेचेही. तांब्याचा अत्यल्प अंशसुद्धा ऑक्सिडीकरणाचा वेग कितीतरी वाढवितो. स्टेनलेस स्टील, काच किंवा न टवका उडालेले एनॅमल वापरावे. स्क्वॅशमध्ये दर किलोस सुमारे ०.६ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, ते किण्व व बुरशी रोखते आणि प्राणवायूपासूनही काही संरक्षण देते. हवा अजिबात नसली तरी उष्णतेने नाश संथपणे चालूच राहतो. बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात.

घरगुती वापरासाठी मोठ्या बाटलीपेक्षा लहान बाटल्या बऱ्या. मोठी बाटली दर वेळी उघडताना रस कमी होतो आणि त्याच्या जागी ताजी हवा आत शिरते.