चार माणसे जेवायला बोलवा

थंडी पडली आणि वांगी उतरू लागली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेताशेतांतून रोडग्यांची जेवणे सुरू होतात. कुठे नवस फेडायचा असतो, कुठे नुसतेच दोस्त जमतात. गोवऱ्या रचल्या जातात, जाडसर दळलेली कणीक मळली जाते, तेल लावलेल्या लहान लहान पाऱ्या एकीवर एक ठेवून मोठ्या पारीत बंद करतात आणि तो गोळा निखाऱ्यांत भाजायला पडतो. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असते. या खटाटोपात बाया बहुधा नसतातच. कणीक मळणारा गडी, वांगी चिरणारा गडी, आणि "अबे, भाजीत मीठ टाकलं काय?" असे ओरडणाराही गडीच.

हाच गडी दुसऱ्या दिवशी घरी चहाचे गंज कुठे ठेवले आहे ते बायकोला विचारतो.

याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. रोडगा काही सोपा पदार्थ नव्हे. आर किती हवा, उलटायचे केव्हा, वरून काळा झालेला गोळा आतून शिजला की नाही हे कसे ओळखायचे, हे ज्याला कळते त्याला स्वयंपाक येत नाही असे कसे म्हणावे? येतो की! पण तो हे शिकला कुठे? पुस्तकात नाही. आईच्या हाताखालीही नाही. दहा जणांना जेवू घालता घालता शिकला. त्याच वाटेने घरचा रोजचा स्वयंपाकही शिकता येतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पाककृतींच्या पुस्तकांना आपल्या भाषेत तोटा नाही. 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कित्येक नव्या संसारांना त्याने आधार दिला. पुस्तके जरूर वाचावीत. पण पुस्तक म्हणते, मंद आचेवर ठेवा. आता पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, बाभळीचे लाकूड सावकाश जळते, आणि गॅसची शेगडी या दोघांहून निराळी. मंद म्हणजे किती, हे भाजी एकदा बुडाला लागली की हाताला कळते.

पण मग माणसे कशाला बोलवायची? एकट्याने शिकू नये काय? एकटा माणूस काहीही करून खातो हो! वरण कच्चे राहिले तर लोणच्याशी भाकर खाईल, उशीर झाला तर फुटाण्यांवर भागवील. आठ वाजता चार जण येणार म्हटले की गोष्ट बदलते. वरण, भाजी, भात आणि भाकर ही चारही एका वेळी ताटात पडली पाहिजेत. डाळ आधी चढवायची, ती शिजेतो कांदा चिरायचा, भाजी फोडणीला टाकून तांदूळ धुवायचे. ही कामांची जुळणी, हाच माझ्या मते स्वयंपाकातला खरा कठीण भाग आहे. एकेक पदार्थ त्यामानाने सोपा.

दुसरा प्रश्न अंदाजाचा. किती शिजवायचे? शिक्षक मंडळींना याचे माप तोंडपाठ असेल. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरतात, सहावी ते आठवीसाठी १५० आणि ३०. तेच धरून चालावे, आणि शेतातून दमून आलेल्या माणसासाठी त्याहून थोडे चढते घ्यावे. मात्र धान्य दुप्पट केले म्हणून सगळेच दुप्पट होत नाही. मीठ होते. पाणी मात्र होत नाही. कारण भातातले थोडे पाणी दाण्यांत मुरते आणि थोडे वाफेने उडते. मुरणारे पाणी तांदळाबरोबर वाढते, पण उडणारे पाणी भांड्याचे तोंड किती रुंद आणि आच किती वेळ, यावर ठरते. म्हणून चौघांचा भात करताना एकट्याच्या मापाने चौपट पाणी घातले, की त्याचा गिचका होतो. वेळेचेही तसेच. जास्त डाळीला उकळी उशिरा येते, पण उकळी आल्यापासून ती मऊ व्हायला लागणारा वेळ जवळजवळ तितकाच.

डाळीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड. अशा पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा दाणाच राहतो, आणि नवशिका समजतो आपल्याला येत नाही. दोष त्याचा नसतो. पाण्यातला चुना दाण्यातल्या चिकट द्रव्याला धरून बसतो आणि ते विरघळू देत नाही. डाळ तासभर आधी भिजवावी. चिंच किंवा टमाटे डाळ शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटानेही ती अडून बसते. चिमूटभर सोडा टाकला तर डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातले ब जीवनसत्त्व त्याने नासते. तेव्हा तो शेवटचा उपाय.

तिसरी गोष्ट जिभेची. आपली जीभ आपल्या हाताला सांभाळून घेते. दोस्ताची जीभ घेत नाही. "भाऊ, फोडणी करपली हाये," हे तो पहिल्या घासालाच सांगून मोकळा होतो. आणि नुसते सांगतच नाही. त्याच्या घरी आळणाला ज्वारीचे पीठ लावतात, तुमच्याकडे बेसन. दोघांपैकी एकाची आई सांभार शेवटी टाकते, दुसऱ्याची फोडणीत. मंडळींना तासभर आधीच बोलवावे आणि हाती विळी द्यावी. शेतातल्या रोडग्यांना सगळे एका पंगतीत बसतात, पण गावात परतल्यावर कोणाच्या घरी कोणी जेवावे याचे जुने हिशेब अजून पुरते पुसलेले नाहीत. ज्याच्या घरी आपण कधी जेवलो नाही, त्यालाच आधी बोलवावे. शिकायला तिथे जास्त मिळते.

कोणी म्हणेल, महागाईत चार माणसे जेवू घालणे परवडते कोणाला? रोडगे तरी एकाच्या खिशातून कुठे होतात? कोणी पीठ आणतो, कोणी तेल, कोणाच्या वाडीतली वांगी येतात. घरीही तसेच करावे.

हा उद्योग हौसेचा वाटेल, पण शिक्षकांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. आई आजारी पडली किंवा कापूस वेचणीचे दिवस आले, की सहावी-सातवीतली पोरगी वर्गात दिसेनाशी होते. विचारले तर सांगते, "घरी भाकरी टाकाले कोणी नाई, सर." घरात बाप असतो, थोरला भाऊ असतो. पण दोघांचीही चुलीशी ओळख वर्षातून एकदा, तीही शेतात. मुलीचे वर्ष जाते ते चार भाकरींपायी. आणि तोच भाऊ पुढे शिकायला यवतमाळला खोली करून राहिला, की खानावळीचे पैसे भरता भरता मेटाकुटीला येतो.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा अभ्यासाचाच भाग होता. मुले आणि मुली पाळीने स्वयंपाक करीत, धान्याचा हिशेब ठेवीत, वाढीत आणि भांडीही घाशीत. रोज सगळ्या शाळेची पंगत म्हणजे रोजची परीक्षाच!

सुरुवात करणाऱ्याने पहिल्या खेपेला चारच माणसे बोलवावीत, दहा नव्हे, आणि सासरची मंडळी तर मुळीच नव्हे. वरण, भात आणि वांग्याची एक भाजी, बस्स. पुढच्या आठवड्यात तेच करावे, नवे काही नको. तिसऱ्या खेपेला कढी घ्यावी. उरलेला भात गंजात झाकून सकाळपर्यंत कोमट ठेवू नये, पोट बिघडते. परातीत पसरून निववावा, जवळ फ्रीज असेल तर त्यात ठेवावा, नाहीतर रात्रीच वाटून टाकावा.

भाकर शेवटी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून कडकडीत पाण्याने उकड काढावी लागते आणि गोळा हातात असेतोच थापावी लागते. हे चार-सहा पंगतींनंतर जमते. तोवर पाहुण्यांनी भातावर भागवावे. ते कुरकुरत नाहीत, आणि एखाद्या दिवशी त्यांच्यातलाच कोणीतरी "सरक बे" म्हणून काटवट आपल्याकडे ओढून घेतो.