ड्रॅगन फ्रूट : आधी ओळख, मग लागवड

संत्र्याच्या आवकेसाठी सर्वपरिचित असलेल्या नागपूरच्या कळमना बाजाराच्या परिसरात फळांची पारख करणाऱ्यांची वाण नाही. तथापि, ड्रॅगन फ्रूट हे फळ निवडुंगाचे आहे, हे आजही अनेकांना ठाऊक नसते. गुजरात शासनाने २०२१ मध्ये यास ‘कमलम’ असे नाव दिले. या बागेसाठी खांब उभारण्याचा खर्च मोठा असून बाग अनेक वर्षे राहते. म्हणून रोपांची खात्री करून घेणे अगत्याचे ठरते.

ओळख कशी पटवावी?

आपल्याकडील तिधारी निवडुंगाचे खोडही त्रिकोणी असते. परंतु ते कापताच पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. ड्रॅगन फ्रूटच्या खोडातून असा चीक येत नाही. त्याच्या धारांवर ठरावीक अंतराने बारीक गाद्या असून त्यांतून काटे निघतात. हा निवडुंग वेलीप्रमाणे आधार घेत चढतो. पांढऱ्या गराचा प्रकार मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. पिवळ्या सालीचा, काटेरी फळाचा प्रकार मात्र दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागातील आहे. गराचा रंग रोपावरून सांगता येत नाही. यास्तव फळ प्रत्यक्ष पाहिलेल्या मातृवेलीचीच कलमे घ्यावीत.

लागवड

सुमारे २० ते २५ सेंटिमीटर लांबीची कलमे सावलीत काही दिवस सुकवून, कापलेली जागा वाळल्यावर लावावीत. ३ × ३ मीटर अंतरावर खांब उभारल्यास हेक्टरी सुमारे १,१११ खांब बसतात. प्रत्येक खांबाभोवती चार रोपे लावून माथ्यावरील चक्राकार आधारावरून फांद्या खाली सोडाव्यात. फुले रात्री उमलतात व सकाळी मिटतात. लाल गराच्या काही प्रकारांत दुसऱ्या वेलीच्या परागाशिवाय फळ धरत नाही. अशा वेळी रात्री हाताने परागीकरण करावे. फूल उमलल्यापासून साधारणतः महिनाभरात फळ तयार होते.

विदर्भात घ्यावयाची दक्षता

बारामतीजवळील माळेगाव येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर संशोधन झाले आहे. तेथील मुरमाड जमीन व विदर्भातील काळी जमीन यांत मोठा फरक आहे. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून खोड व मुळे कुजतात. म्हणून उंच गादीवाफे व पाण्याचा निचरा यांकडे प्रथम लक्ष द्यावे. नागपूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात फांद्या पिवळ्या पडून करपतात. निवडुंग आहे म्हणून ऊन सोसेल, हा समज बाळगू नये. उन्हाळ्यात सावलीचे जाळे आणि ठिबकने बेताचे पाणी द्यावे.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात दोन-चार वेली लावून विद्यार्थ्यांना तिधारी निवडुंगाशी तुलना करून दाखवावी. मात्र चिकास हात लावू देऊ नये. पंचायत सदस्यांनीही शेतकरी बांधवांस एकदम मोठे क्षेत्र न गुंतवता प्रथम थोड्या खांबांवर अनुभव घेण्याचा व कृषी अधिकाऱ्यांकडून जमिनीची पाहणी करून घेण्याचा सल्ला द्यावा. नवे पीक स्वीकारताना उत्साहाइतकीच पारखही हवी.