कॅमेरा कुठे उभा आहे? सर्फिंगच्या फिल्म बघताना

लाट फुटायच्या बेताला आली की फळीवर उभं राहायचं आणि तिच्या उतारावरून घसरत जायचं, याला सर्फिंग म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते फोनवरच्या चार-पाच मिनिटांच्या फिल्ममध्येच पाहिलेलं असणार. निळं पाणी, उडणारा फेस, एक तरुण, पाठीमागे संगीत. या फिल्म सुंदर असतात, यात वाद नाही. पण त्या बघताना एक साधा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: कॅमेरा कुठे उभा आहे? आज मी तीन जागा दाखवणार आहे. पहिली किनाऱ्यावरची, दुसरी लाटेच्या पोटातली आणि तिसरी फळी घडते त्या शेडमधली.

किनाऱ्यापासून सुरुवात करू. १९०६ साली रॉबर्ट बोनाइन हा छायाचित्रकार एडिसनच्या कंपनीसाठी हवाईला गेला आणि त्यानं वायकिकीच्या समुद्रात फळ्यांवर स्वार झालेली माणसं टिपली. हे सर्फिंगचं अगदी सुरुवातीचं चलच्चित्रण. आता तारखा बघा. हवाईचं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं, १८९८ मध्ये ती बेटं अमेरिकेनं आपल्यात सामील करून घेतली आणि त्यानंतर आठच वर्षांनी हा कॅमेरा तिथे पोहोचला. हवाईच्या भाषेत या खेळाला ‘हेए नालू’ म्हणतात. हेए म्हणजे घसरणं, नालू म्हणजे लाट. सरदारांपासून सामान्यांपर्यंत, बायका-पुरुष, सगळे खेळायचे. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं भराभर मेली, मिशनऱ्यांच्या काळात जुन्या चालीरीती आक्रसल्या, आणि तरीही तो टिकून होता. लांबून टिपलेल्या त्या चित्रांत मात्र दिसतात त्या फक्त दूरवरच्या आकृत्या. कोण, कुठले, ही फळी कुणी केली, काही कळत नाही.

पुढे १९५३ मध्ये बड ब्राउन यानं कॅलिफोर्नियात एका शाळेच्या सभागृहात आपली हवाईतली फिल्म ६५ सेंट तिकीट लावून दाखवली. आवाज फिल्मवर नव्हता, तो स्वतःच उभा राहून बोलायचा. म्हणजे मी आत्ता करतोय तसंच! तिथून ही रीतच पडली. आधी चित्रण करायचं आणि मग गावोगाव सभागृहं घेऊन दाखवत फिरायचं.

त्याच रीतीतून ब्रूस ब्राउनची ‘द एंडलेस समर’ आली. या दोघांची आडनावं ऐकायला सारखी, नातं काही नाही. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट या दोन तरुणांना घेऊन तो १९६३ मध्ये उन्हाळ्याच्या मागे मागे जगभर फिरला. वितरक म्हणाले, समुद्रापासून दूरच्या गावात हे कोण बघणार? तेव्हा त्यानं कॅन्ससमधल्या विचिटा शहरात, ऐन हिवाळ्यात ती लावली आणि गर्दी खेचून दाखवली. १९६६ मध्ये ती अमेरिकाभर प्रदर्शित झाली.

तिच्यातला गाजलेला प्रसंग दक्षिण आफ्रिकेतला. दोघं फळ्या घेऊन वाळूच्या टेकड्या चढतात, उतरतात, आणि केप सेंट फ्रान्सिसला त्यांना ती लाट सापडते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवण उसवावी तशी सरळ फुटत जाणारी. निर्मनुष्य किनारा, दोन मित्र आणि लाट. बघणाऱ्याला वाटतं, जग असं कुणी न पाहिलेलं पडून आहे, आपण फक्त निघायचा अवकाश.

पण हा किनारा होता कुठल्या देशात? वर्णभेदाच्या राजवटीतल्या देशात. १९५३ च्या कायद्यानं सार्वजनिक जागा वर्णानुसार वाटून टाकल्या होत्या आणि समुद्रकिनारेही त्यातून सुटले नव्हते. फिल्म एका ओझरत्या विनोदापलीकडे त्यावर थांबत नाही. किनारा मोकळा दिसतो, तेव्हा तो कुणासाठी मोकळा होता, हे कॅमेरा सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्या वाळूची. लाट का फुटते ते आधी समजून घेऊ. खोल पाण्यात लाट निवांत चाललेली असते. पाणी उथळ झालं की तिचा वेग मंदावतो, ती उंच होत जाते. खोली साधारण लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली की माथा तळाला मागे टाकून पुढे कोसळतो. म्हणजे लाटेचा आकार तळावर ठरतो, आणि तळावरची वाळू एका जागी बसून राहत नाही. केप सेंट फ्रान्सिसच्या भूशिरावर वारा एका बाजूची वाळू टेकड्यांवरून वाहून नेऊन पलीकडच्या उपसागरात टाकत असे. पुढे त्या सरकत्या टेकड्या झाडं लावून, घरं बांधून थोपवल्या गेल्या. वाळूची वाट अडली आणि सेंट फ्रान्सिस बेचा किनारा झिजत गेला. फिल्ममध्ये ज्या वाळूतून चालताना दमछाक होते, त्या जातीची वाळूच या किनाऱ्याची शिदोरी होती. पण पडद्यावर टेकडी हा लाटेपर्यंत पोहोचण्यातला अडथळा होता. आपणही तिच्याकडे तसंच बघितलं.

आता दुसरी जागा, लाटेच्या पोटातली. जॉर्ज ग्रीनो हा कॅलिफोर्नियाचा माणूस गुडघ्यांवर बसून लाटा घ्यायचा. ट्यूना माशाच्या शेपटीचा आकार बघून त्यानं फळीखालचा पर अरुंद, मागे कललेला आणि लवचीक केला. आजच्या फळ्यांच्या परांवर त्याची छाप आहे. या गड्यानं जलरोधक पेटीतला जड कॅमेरा पाठीवर बांधला आणि तो लाटेच्या नळीत शिरला. नळीतला मुक्काम काही सेकंदांचाच. पण कॅमेरा जलद फिरवून टिपलेली फिल्म नेहमीच्या वेगानं दाखवली की ते सेकंद लांबतात. १९७३ च्या ‘क्रिस्टल व्हॉयेजर’चा शेवट, सुमारे तेवीस मिनिटांचा, ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘एकोज’ या रचनेवर बांधलेला आहे. ती वेगळी काढली तरी एक स्वतंत्र लघुपट ठरेल. तिथे शूरवीर कुणीच नाही. आहे ते वळणारं पाणी आणि पलीकडे उजेडाचं एक भोक. किनाऱ्यावरून माणूस मोठा दिसतो, आतून लाट मोठी दिसते.

तिसरी जागा कारागिराची शेड. हवाईत ‘अलाइया’ ही पातळ फळी बहुधा कोआ लाकडाची असे, तर सरदारांची लांबलचक ‘ओलो’ हलक्या विलिविली लाकडाची. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्यांचं तंत्र बसवलं आणि लाकूड मागे पडलं. क्लार्कचा कारखाना अमेरिकेतल्या बहुतेक कारागिरांना कच्चे ठोकळे पुरवायचा. ५ डिसेंबर २००५ ला त्यानं तो एकाएकी बंद केला. फोमसाठी लागणारी विषारी रसायनं आणि त्यावरचे निर्बंध हे एक कारण त्यानं दिलं. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, निसर्गाशी एकरूप होण्याच्या गप्पा आपण कशावर उभं राहून मारत होतो!

त्याच सुमारास टॉम वेगनर हा ऑस्ट्रेलियात राहणारा कारागीर होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातल्या जुन्या अलाइया बघून आला आणि पॉलोनियाच्या लाकडात तशा फळ्या करू लागला. खाली पर नाही, फोम नाही. लोक त्यांवर उभे राहिले आणि त्या झपाट्यानं पळाल्या. थॉमस कॅम्पबेलच्या ‘द प्रेझेंट’ (२००९) या फिल्ममध्ये त्या दिसतात. ज्यांना १९०६ च्या चित्रणात नाव नव्हतं, त्यांच्या पूर्वजांचं शहाणपण असं लाकडातून परत आलं. रंधा, भुसा, लाकडाच्या शिरा दाखवणारे आजचे लघुपट मला म्हणूनच आवडतात. पण तिथेही विचारायचं: मूळ कुणाचं, ते सांगितलंय का?

म्हणजे बघा, चांगली फिल्म ओळखायला तीन प्रश्न पुरतात. इथे आधी कोण राहत होतं? ही लाट कशामुळे फुटते? आणि पायाखालची फळी कशाची आहे? आपल्यातलं कुणी उद्या कोकणात, गोव्यात कॅमेरा घेऊन उभं राहिलं, तर हेच प्रश्न तिथेही लागू आहेत. उत्तरं फिल्मभर बोलून दाखवायची गरज नाही. कॅमेरा जरा वळवला, तर टेकडीही दिसते आणि माणूसही.