चोंदलेले नाक आणि मंदावलेली अवटुग्रंथी

वैनगंगेकाठच्या बालाघाट भागात धानाच्या मळणीच्या दिवसांत नाक चोंदणे ही नवलाची गोष्ट नव्हे. कोंड्याची धूळ, पहाटेचे धुके, शेकोट्यांचा धूर. इतकी कारणे हाताशी असता आणखी एखादे कोण शोधणार? परंतु मळणी आटोपली, चैत्राचे ऊन तापू लागले, तरी एखाद्या गृहिणीचे नाक मोकळे होत नाही. फोडणीचा वास तिला कळेनासा होतो, आवाज जाड होतो, आणि घरची माणसे ‘सर्दीची प्रकृती’ म्हणून विषय सोडून देतात. अशा वेळी नाकाच्या खाली वीतभर अंतरावर असलेल्या एका ग्रंथीची आठवण ठेवणे अगत्याचे असते.

ही अवटुग्रंथी, म्हणजेच थायरॉइड. शरीरव्यापाराची गती तिच्या स्रावावर अवलंबून असते. तो स्राव कमी पडला की त्वचेत व श्लेष्मल पडद्यांत पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात. लंडनच्या डॉ. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ साली या विकाराला जे नाव दिले, त्यातच ‘श्लेष्मा’ आणि ‘सूज’ हे दोन्ही अर्थ आहेत. चेहऱ्यावरची सूज आरशात दिसते. नाकातली दिसत नाही, एवढेच.

नाक हे केवळ हवेचे दार नव्हे. आत येणारी हवा ते उबदार व ओलसर करते आणि धूळ चिकट स्रावात अडकवते. तो स्राव सूक्ष्म रोम सतत घशाकडे लोटीत असतात. नाकात सॅकरीनचा कण ठेवला, तर निरोगी माणसाला साधारणतः वीस मिनिटांच्या आत घशात गोडी जाणवते. अवटुग्रंथी मंदावलेल्या रुग्णांत हा वेळ लांबलेला आढळला आहे.

अर्थात प्रत्येक चोंदलेल्या नाकामागे हाच विकार नसतो, बहुधा नसतोच. पण सोबत थकवा, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणे, वजन वाढणे अशी लक्षणे असतील, तर रक्ताची टीएसएच तपासणी करून घ्यावी. नाक मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक काळ घालीत राहिल्यास नाक उलट अधिकच चोंदते. आयोडीनयुक्त मीठ अवश्य खावे. १९६२ पासून देशात त्यासाठी गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालू झाला. तथापि ग्रंथी एकदा निकामी होऊ लागली की मिठाने ती सुधारत नाही. त्यासाठी थायरॉक्सिनची गोळी डॉक्टर सांगतील त्या मात्रेत, सकाळी उपाशीपोटी, चहापूर्वी निदान अर्धा तास घ्यावी लागते. आणि नाक मोकळे व्हायलाही काही आठवडे जातात.